‘अयशस्वी’मधला ‘अ’ : आवाजाच्या ड्रायव्हरची दुरुस्ती

 

आजचा विषय आहे संगणकातल्या आवाजाचा ड्रायव्हर. त्यातला बिघाड कसा शोधायचा, तो दुरुस्त कसा करायचा आणि दुरुस्तीनंतर ड्रायव्हर आणखी चांगला कसा चालवायचा. काही जण म्हणतील, हे तरुण पोरांचं काम. मी सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. सिग्नल्समध्ये होतो. वय साठीच्या पुढे, शिक्षण साधी बी.एस्सी. प्रोग्रामिंग हा माझा पेशा कधीच नव्हता. तरी हे काम जमलं. ज्यांच्यासाठी केलं त्यांची गरज फार मोठी होती, म्हणून ते तुमच्यापुढे मांडतोय.

गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, तोफखान्यातले. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तोफांच्या आवाजाने कान अधू झाले, म्हणून दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. मुलगा-सून नोकरीला, नातू शाळेत. दिवसभर घरात ते आणि त्यांचा लॅपटॉप. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. मराठी बातम्या, पेन्शनचे कागद, मुलीचे ई-मेल, सगळं ते कानांनी वाचतात.

लॅपटॉप जुना. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ला हे यंत्र चालत नव्हतं. म्हणून त्यावर लिनक्स टाकलं. लिनक्सवर ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि ई-स्पीक एनजी हा बोलणारा प्रोग्राम मराठीही वाचतो. सगळं लागलं, पण लॅपटॉपचे स्पीकर गप्प. हेडफोन लावला तर आवाज येतो, काढला की शांतता.

तुम्ही-आम्ही म्हणू, हेडफोन लावा की. पण श्रवणयंत्रावर हेडफोन दाबला की यंत्र शिट्टी मारतं. आणि दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली. “साहेब, हेडफोन घातला की दाराची बेल ऐकू येत नाही, कुकर ऐकू येत नाही. डोळे गेलेच हायत, आता घर पण जातंय.”

डोळस माणसाचा आवाज बंद पडला तर गाणी बंद पडतात. त्यांचा आवाज बंद पडला तर पडदा बंद पडतो.

नेहरू प्लेसमधल्या एका दुकानदाराने मुलाला सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. दुसऱ्याने सांगितलं, यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावा. दुसरा सल्ला वाईट नव्हता. ज्याला घाई आहे त्याने तेच करावं, काही शे रुपयांत काम होतं. पण न दिसणाऱ्या माणसाच्या टेबलावर बाहेर लोंबणारी प्रत्येक वायर म्हणजे रोजची कटकट. शिवाय विंडोजमध्ये हेच स्पीकर वाजत होते. म्हणजे स्पीकर जिवंत आहेत, मदरबोर्डही जिवंत आहे. मग अडलंय कुठे?

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. आमच्याकडे कर्नल हा हुद्दा, त्यामुळे घरात बरेच विनोद झाले, ते सोडून देतो. कर्नेलला प्रत्येक यंत्राची भाषा येत नाही. आवाजाच्या चिपची भाषा वेगळी, वाय-फायची वेगळी. मधे दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. दुभाष्याला चुकीची माहिती मिळाली तर तो इमानदारीने चुकीचंच भाषांतर करतो.

लिनक्समध्ये आवाजाचं काम सुरुवातीला ओएसएस नावाची व्यवस्था बघत असे. ती फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांच्या कामातून उभी राहिली. १९९८मध्ये चेक प्रजासत्ताकातले यारोस्लाव किसेला यांनी अल्सा हा नवा प्रकल्प सुरू केला. त्याची मुळं ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी त्यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये होती. आपल्या कार्डाचं काम धड होत नाही म्हणून एक माणूस बसला आणि त्यातून पुढे सगळ्या लिनक्सची ध्वनिव्यवस्था उभी राहिली. डिसेंबर २००३मध्ये आलेल्या लिनक्स २.६पासून अल्सा हीच मुख्य व्यवस्था आहे. ताकाशी इवाई अनेक वर्षं तिची देखभाल करत आहेत. आपल्याकडचे विनोद कौल हे साउंडवायर या नव्या पद्धतीच्या भागाचे देखभालकर्ते. हे सगळं कुठल्या आकाशातून पडत नाही, माणसंच लिहितात.

चिपच्या पायांचा नकाशा

गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटेलने २००४मध्ये आणलेली हाय डेफिनिशन ऑडिओ ही पद्धत असते. तिचे दोन भाग. एक कंट्रोलर, तो मुख्य चिपसेटमध्ये असतो आणि मेमरीतला आवाजाचा डेटा उचलतो. दुसरा कोडेक, ही एक छोटी चिप. आकड्यांतून विद्युत लहर आणि लहरीतून आकडे, ही अदलाबदल ती करते.

कोडेकला पाय असतात, त्यांना पिन म्हणतात. एक पिन स्पीकरला, एक हेडफोनच्या भोकाला, एक माइकला, काही रिकाम्या. एकच कोडेक कंपनी शंभर लॅपटॉपवाल्यांना विकते. प्रत्येक जण आपल्या सोयीने तारा जोडतो. मग कोणती पिन कुठे गेली हे ड्रायव्हरला कळणार कसं? त्यासाठी प्रत्येक पिनवर ३२ बिटांची एक चिठ्ठी असते. लॅपटॉप सुरू होताना बायोस ती भरतो.

ही चिठ्ठी आठ अंकी संख्या म्हणून दिसते, सोळाच्या पायावर मोजलेली. उदाहरणार्थ ९०१७०११०. पहिले दोन अंक, ९०, सांगतात की जोडणी कायमची आहे आणि पेटीच्या आत आहे. तिसरा अंक १, म्हणजे स्पीकर. तिथे २ असता तर हेडफोन. चौथा अंक जोडणीचा प्रकार सांगतो, पाचवा रंग. हो, रंगसुद्धा, कारण डेस्कटॉपच्या मागे हिरवी, गुलाबी भोकं असतात. शेवटचे दोन अंक कोणत्या पिना एका गटात आणि कोणत्या क्रमाने, हे सांगतात.

ही चिठ्ठी बायोसने चुकीची भरली तर ड्रायव्हर ती खरी मानतो. विंडोजमध्ये आवाज येतो याचं कारण साधं आहे. लॅपटॉपवाल्याने विंडोजसाठी दिलेल्या ड्रायव्हरमध्ये बऱ्याचदा योग्य नकाशा वेगळा घातलेला असतो. त्यामुळे मूळ चिठ्ठीकडे वर्षानुवर्षं कोणाचं लक्षच जात नाही.

लाइन अर्ध्यावर तपासायची

सिग्नल्समध्ये टेलिफोनची लाइन तुटली की जवान पहिल्यापासून शेवटपर्यंत तार चाचपत जात नाही. मधल्या ठिकाणी जाऊन तपासतो. इथपर्यंत ठीक असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. आवाजाचा शोधही असाच घ्यायचा.

पहिला प्रश्न, कर्नेलला कार्ड दिसतं का? अल्साच्या साधनांनी कार्डांची यादी मागितली. दिसलं. दुसरा प्रश्न, कुठे आवाज बंद केलेला आहे का? अल्सामिक्सर उघडला. प्रत्येक पट्टीखाली बंद असल्याची खूण दिसते, ती नव्हती. इथे एक गंमत दिसली. हेडफोनची पट्टी होती, स्पीकरची पट्टीच नव्हती. हा धागा महत्त्वाचा. तिसरा प्रश्न, हेडफोन वाजतो का? वाजतो. म्हणजे कंट्रोलर, ड्रायव्हर आणि कोडेकमधलं आकड्यांचं रूपांतर हे सगळं शाबूत. बिघाड शेवटच्या टप्प्यात, कोडेकपासून स्पीकरपर्यंत.

मग कोडेकची सगळी माहिती एका फाइलीत उतरवली. लिनक्स ती मोकळेपणाने दाखवतं, कुलूप नाही. पिनांच्या चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या. हेडफोनची बरोबर, माइकची बरोबर. आणि ज्या पिनवर सहसा आतला स्पीकर असतो, तिथे लिहिलं होतं : इथे काहीही जोडलेलं नाही.

स्पीकर होते, तारही होती, पण कागदोपत्री नव्हते. सरकारी कचेरीत ज्यांनी जिवंत असल्याचा दाखला दिलाय त्यांना हा प्रकार लगेच कळेल.

पहिली दुरुस्ती

चिठ्ठी बदलण्यासाठी एचडीए जॅक रीटास्क नावाचं साधन आहे. पडद्यावर सगळ्या पिना दिसतात, हवी ती निवडायची आणि ‘आतला स्पीकर’ असं सांगायचं. ते कायम करायला सांगितलं की ते एक छोटी फाइल लिहून ठेवतं आणि संगणक सुरू होताना ड्रायव्हर बायोसच्या चिठ्ठीऐवजी ती वाचतो. आवाजाची पट्टी आधी अगदी खाली आणली, मग यंत्र बंद करून सुरू केलं. मिक्सरमध्ये स्पीकरची पट्टी आली आणि चाचणीचा आवाज स्पीकरमधून बाहेर आला.

प्रत्येक वेळी इतक्यावर भागत नाही. पिन बरोबर असूनही शांतता असेल तर स्पीकरचा ऍम्प्लिफायर झोपलेला असू शकतो, त्याला जागं करायचा इशारा ड्रायव्हरने द्यावा लागतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी ऍम्प्लिफायर चिप असते. तिला तिचं फर्मवेअर लागतं आणि स्पीकर जळू नये याची राखणही तीच करते. तिथे अंदाजाने आकडे बदलू नका. जुन्या, साध्या यंत्रांत मात्र पिनांचा नकाशा हा पहिला संशयित.

खाल्लं जाणारं पहिलं अक्षर

लॅपटॉप परत दिला. चार दिवसांनी सुभेदार साहेबांचा फोन. “साहेब, आवाज झकास. पण हा पहिलं अक्षर खातो.”

मी गेलो, शेजारी बसून ऐकलं. सलग वाचताना सगळं ठीक. थोडा वेळ शांतता गेली आणि मग स्क्रीन रीडर काही बोलला की आधी बारीक ‘टक्’ आणि पहिलं अक्षर गायब. गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही. पण मराठीत हे काय करतं बघा. ‘अयशस्वी’मधला ‘अ’ गेला की राहतं ‘यशस्वी’. ‘अमान्य’चं होतं ‘मान्य’. ‘अपूर्ण’चं ‘पूर्ण’. ‘असुरक्षित’चं ‘सुरक्षित’. हिंदीत ‘असफल’चं ‘सफल’. इंग्रजीतही सुटका नाही, ‘अनसक्सेसफुल’चं ‘सक्सेसफुल’ होतं. आपल्या भाषांत नकार शब्दाच्या सुरुवातीला बसतो आणि यंत्र नेमकी सुरुवात खातं. न दिसणारा माणूस पैसे भरतो, अर्ज पाठवतो आणि कानावर आलेल्या एका शब्दावर विश्वास ठेवतो. तो शब्द उलटा पोचला तर?

हा बिघाड नव्हता, बचत होती. बॅटरी वाचावी म्हणून काही सेकंद आवाज नसला की ड्रायव्हर कोडेकला झोपवतो. आवाज आला की उठवतो. उठायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो, तेवढ्यात पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं. ‘टक्’ हा आवाज वीज परत सुरू झाल्याचा.

वायरलेसवर काम केलेल्यांना हे पाठ आहे. हातातलं बटण दाबलं की क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. लगेच बोललात तर पहिला शब्द समोरच्याला पोचत नाही. रंगरूटाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. स्क्रीन रीडरला ते शिकवलेलं नसतं.

उपाय दोन ठिकाणी करावा लागला. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर सेव्ह’ नावाचा आकडा असतो, किती सेकंदांनी झोपायचं ते सांगणारा. तो शून्य केला की झोप बंद. पण ड्रायव्हरच्या वर आणखी एक थर असतो. निरनिराळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून खाली पाठवणारा. आज अनेक लिनक्समध्ये हे काम पाइपवायर करतं. तोही थोडा वेळ काम नसलं की वाट बंद करतो, मूळ सेटिंग पाच सेकंदांचं. तिथलीही वेळ बदलली. बॅटरी थोडी जास्त जाते, पण ज्यांचा लॅपटॉप दिवसभर वायरला लावलेला असतो त्यांना त्याचं काय?

मग दोघांनी मिळून चाचणी घेतली. मी वेगवेगळ्या वेळाने, कधी दहा सेकंद, कधी पाच मिनिटं थांबून, यंत्राकडून एकेक शब्द वदवायचा. सुभेदार साहेबांनी ऐकलं ते परत सांगायचं. अयशस्वी, यशस्वी, अमान्य, मान्य, उलटसुलट क्रमाने. लष्करात निरोप पाठवला म्हणजे पोचला असं धरत नाहीत, समोरच्याने तो परत म्हणून दाखवला की पोचला. पन्नास शब्द झाले, पन्नासही बरोबर. मगच मी चहा घेतला.

विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी सांगतो. बोलणं संपल्यावरही आवाजाचं यंत्र काही वेळ जागं ठेवायची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. तुमच्या घरी, ओळखीत कोणी असेल तर आजच तपासा.

एका घरापुरतं की सगळ्यांसाठी?

इथे काम संपलं असं म्हणता आलं असतं. इंदिरापुरममधला लॅपटॉप वाजत होता. पण त्या मॉडेलचे आणखी कितीतरी लॅपटॉप देशात असणार. विंडोज १० गेल्यावर त्यांतले काही लिनक्सवर येणार, आणि प्रत्येक घरात तीच शांतता, तोच ‘मदरबोर्ड गेला’. आमच्यात एक रीत आहे. वाटेत खड्डा सापडला तर तुम्ही वळसा घालून जाता, पण मागून येणाऱ्या गाड्यांसाठी खूण करूनच जाता.

कर्नेलमध्ये अशा खुणांसाठी जागा आहे. कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक यादी असते. प्रत्येक लॅपटॉप मॉडेलला दोन ओळख-क्रमांक असतात, एक कंपनीचा, एक मॉडेलचा. यादीत ते दोन क्रमांक आणि पुढे ‘हे यंत्र दिसलं तर अमुक पिनवर आतला स्पीकर आहे असं समज’ इतकंच लिहायचं. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुठेतरी गप्प बसलेला एक लॅपटॉप आणि त्याच्यासाठी बसलेला एक माणूस.

माझा बदल दहा-बारा ओळींचा. कर्नेल घरीच बांधून त्यावर चालवून पाहिलं. बदलाबरोबर पत्र लिहावं लागतं. त्यात काय बदललं यापेक्षा का बदललं हे आधी. खाली आपली सही असलेली एक ओळ, की हे काम माझं आहे आणि ते देण्याचा अधिकार मला आहे. ही पद्धत २००४पासून चालत आली आहे. मग देखभालकर्त्यांना साध्या ई-मेलने पाठवायचं. तिथून प्रश्न आला, हेडफोन खोचल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो का? बंद होतो हे तपासून कळवलं. बदल स्वीकारला गेला. कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, आणि असे छोटे बदल चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांतही उतरवले जातात. माझा हुद्दा, वय, पदवी कोणी विचारली नाही. बदल नीट आहे का, एवढंच पाहिलं.

बॅटरी वाचवणारी झोप मात्र मी त्या बदलात घातली नाही. कर्नेलमध्ये झोप न देण्याच्या यंत्रांचीही यादी आहे, पण ती जिथे झोपेने यंत्रच त्रास देतं तिथल्यासाठी. इथे झोप बहुतेकांच्या सोयीची, एकाच्या अडचणीची. अशी गोष्ट ज्याच्या-त्याच्या यंत्रावर ठरवावी. दुरुस्ती सगळ्यांना द्यावी, आवड लादू नये.

तुमच्यासाठी

शेवटी चार गोष्टी. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं असेल तर आधी पेन ड्राइव्हवरून तसंच चालवून बघा, स्पीकर, हेडफोन, माइक तिन्ही तपासा. ते बरोबर असतील तरच टाका. आवाज नसेल तर ‘बंद पडलं’ एवढंच सांगू नका. कार्ड दिसतं का, हेडफोन वाजतो का, स्पीकरची पट्टी आहे का, विंडोजमध्ये वाजत होतं का, ही चार उत्तरं लिहून द्या. अर्धी दुरुस्ती तिथेच होते. कोणी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणालं तर पाकीट काढण्याआधी हेडफोन लावून पाहा. आणि घरातला संगणक न दिसणारी व्यक्ती वापरत असेल तर तिच्याशेजारी अर्धा तास शांत बसा आणि ती जे ऐकते ते ऐका. कोणतं अक्षर जातंय ते तेव्हाच कळतं. पडद्याकडे बघून ते कधीच कळणार नाही, कारण पडद्यावर ‘अयशस्वी’ अगदी स्वच्छ लिहिलेलं असतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.  जय हिंद, जय महाराष्ट्र.